आमची कोठेही शाखा नाही

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. एक बेथेस्डा आणि दुसरा ऑब्सिडियन.

पूर्वीही घराघरांत पक्ष असत. जनसंघ आणि काँग्रेस, गावसकर आणि विश्वनाथ, चहा आणि कॉफी. त्यांच्यावरून भरल्या ताटावरून उठून जाण्याइतकी भांडणे होत. पण भांडण कशाचे चालले आहे हे निदान आत आमटीला फोडणी देणाऱ्या माणसालाही कळे. आता दर रविवारी आमचे चिरंजीव आणि आमचे जावईबापू समोरासमोर बसून जे बोलतात, त्यावरून ही दोन औषधे असावीत अशी सौ.ची बरेच दिवस समजूत होती. "बेथेस्डा एकदा घेतलं ना, की सुटत नाही," असे चिरंजीव एकदा म्हणाले, तेव्हा तिने संध्याकाळी कपाट आवरायच्या निमित्ताने त्याचे सगळे खण पाहून घेतले.

तर ही औषधे नव्हेत. हे व्हिडिओ गेम तयार करणारे स्टुडिओ आहेत. तेही साध्यासुध्या गेमचे नव्हेत, तर ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याचे. मराठीत सांगायचे तर सोंग घेण्याचा खेळ. पडद्यावर आपण एक माणूस व्हायचे. त्याचे नाव, जात (म्हणजे माणूस, बुटका, लांब कानाचा वगैरे), धंदा आणि चेहरा सगळे आपण ठरवायचे. आमच्या चिरंजीवांना त्या माणसाचे नाक पसंत करायला दीड तास लागतो. गेल्या वर्षी त्याच्यासाठी एक मुलगी पाहायला गेलो होतो, तिच्याकडे त्याने दीड मिनिटसुद्धा पाहिले नाही. नाक जमले की त्या माणसाने गावोगाव हिंडायचे, लोकांशी बोलायचे. समोरचा काही बोलला की खाली तीन-चार उत्तरे छापून येतात, त्यांतले आपण एक निवडायचे, आणि निवडलेल्या उत्तराची फळे पुढे ऐंशी-शंभर तास भोगायची. शेवटचा भाग संसारासारखाच आहे. उत्तरे आधी छापून येतात, एवढीच सवलत जास्त.

मी या प्रकरणात शिरलो तो पैशांमुळे. असा एक नवा गेम तीन-चार हजारांना पडतो, आणि बऱ्याचदा तो बाजारात यायच्या आधीच पैसे भरायचे असतात. ज्या घरात भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय पाव किलो भेंडी घेत नाहीत, त्या घरातला मुलगा न पाहिलेल्या वस्तूचे चार हजार आगाऊ मोजतो, ते कशाच्या जोरावर? तर नावाच्या. "बाबा, स्टुडिओ कोणता आहे बघा ना!" म्हणजे पतीच्या जोरावर. आणि पत म्हटल्यावर माझे कान टवकारले. बँकेच्या कर्जखात्यात मी तेहेतीस वर्षे काढली आहेत. कुणाची पत किती आणि ती कुणाच्या जिवावर, हे पाहण्यात माझे केस गेले. तेव्हा या मंडळींचीही कागदपत्रे जरा पाहावीत म्हणून मी रविवारी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकू लागलो.

बेथेस्डा ही अमेरिकेतल्या मेरीलँडमधली. १९८६ साली स्थापन झालेली, गावाचेच नाव घेतलेली आणि नंतर गाव बदलूनही नाव न बदललेली. कोल्हापुरी मिसळ ठाण्याला मिळते तसे. तिची ख्याती दोन गोष्टींबद्दल आहे: अवाढव्य जग आणि अवाढव्य चुका. २०११ सालच्या नोव्हेंबरच्या ११ तारखेला त्यांनी 'स्कायरिम' नावाचा गेम काढला. त्यात आख्खा एक प्रांत आहे. समोर जो डोंगर दिसेल त्यावर चालत जाता येते, जे दार दिसेल ते उघडता येते. मात्र त्या डोंगरावर घोडा भिंतीवरच्या पालीसारखा सरळ उभा चढतो. राक्षसाने सोटा हाणला की माणूस जमिनीवर न पडता आकाशात जातो आणि दिसेनासा होतो. आणि दुकान लुटायचे असेल तर दुकानदाराच्या डोक्यावर एक बादली उपडी ठेवायची, की त्याला काही दिसत नाही. मग आपण गल्ल्यासकट सगळे उचलावे. तो बादलीच्या आतून आपल्याशी अदबीने बोलत राहतो. मी पाहिले आहे. आमच्या बँकेतल्या काही ऑडिटची आठवण झाली.

दुसऱ्या कुणाच्या पतीचा अशाने बोऱ्या वाजला असता. बेथेस्डाचे उलटे. लोक त्या चुकांच्या चित्रफिती जमवतात, एकमेकांना दाखवतात, आणि गेम पुन्हा विकत घेतात. हो, पुन्हा. कारण हाच गेम त्यांनी २०१६ साली नव्या रंगरंगोटीसह काढला, २०१७ साली डोळ्यांना चष्मा लावून पाहायचा काढला, २०२१ साली दहाव्या वाढदिवसाचा काढला. मधे २०१८ साली तर नुसत्या आवाजावर चालणाऱ्या ॲलेक्सा यंत्रासाठी काढला. लोकांना वाटले थट्टा आहे. थट्टाच होती, पण यंत्रावर तो खरोखरच चालत होता. प्रती खपल्या सहा कोटींच्या वर. एकच पुस्तक दर दोन वर्षांनी पुठ्ठा बदलून काढणारे प्रकाशक आपल्याकडेही आहेत. पण वाचक 'जुने आहे माझ्याकडे' म्हणतो. इथे आमच्या चिरंजीवांनी तीनदा घेतला आहे.

"आणि घोड्याचं चिलखत?" जावईबापू म्हणतात. हा त्यांचा हुकमी एक्का. २००६ साली बेथेस्डाने आपल्या 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याला घालायचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकले. खोट्या घोड्याचे खोटे चिलखत, खऱ्या पैशांना. लोकांनी शिव्या दिल्या आणि चिलखत घेतले. त्यानंतर हा सगळाच धंदा तसल्या किरकोळ विक्रीवर फार भरभराटीला आला. घोडा मात्र आजतागायत बेथेस्डाच्या नावाला बांधलेला आहे.

सौ.चे मत बेथेस्डाबद्दल कायमचे वाईट झाले ते पिशवीमुळे. २०१८ साली त्यांनी 'फॉलआउट ७६' काढला आणि त्याची एक खास आवृत्ती दोनशे डॉलरला विकली. तिच्यात कॅनव्हासची पिशवी मिळणार होती. लोकांनी खोके उघडले तर आत पातळ नायलॉनची. ओरड झाल्यावर कंपनीने भरपाई म्हणून काय द्यावे? तर गेमच्या आत चालणारे पाच डॉलर किमतीचे खोटे पैसे. पुढे फारच बोभाटा झाला तेव्हा खऱ्या पिशव्या धाडल्या. "बाकी काहीही फसवा," सौ. म्हणाली, "पण पिशवीत?" साड्या घेताना दुकानदार कोणती पिशवी देतो यावर तिचे दुकान ठरते. बेथेस्डाला ही कल्पना नसावी.

आता ऑब्सिडियन. जावईबापूंचे दैवत. जावई असल्यामुळे त्यांचे म्हणणे आम्हाला संपूर्ण ऐकून घ्यावे लागते, आणि ते संपूर्णच सांगतात.

कॅलिफोर्नियात इंटरप्ले नावाची एक कंपनी होती. तिच्या पोटात ब्लॅक आइल नावाचा एक विभाग होता. इंटरप्लेने १९९७ साली 'फॉलआउट' काढला, १९९८ साली ब्लॅक आइलने त्याचा दुसरा भाग. अणुयुद्धानंतरची उद्ध्वस्त अमेरिका, आणि तिच्यात हिंडणारे आपण. पण इंटरप्लेची आर्थिक स्थिती खालावली, आणि २००३ साली ब्लॅक आइलमधली काही जाणती मंडळी बाहेर पडली व त्यांनी ऑब्सिडियन काढली. आपल्याकडे १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, त्याच जातीची ही घटना. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लॅक आइलला कुलूप लागले. आणि 'फॉलआउट' हे वडिलोपार्जित घर २००७ साली विकत घेतले कुणी? बेथेस्डाने!

पुढे तर मराठी कौटुंबिक कादंबरीच आहे. बेथेस्डाने त्या घरात २००८ साली तिसरा भाग थाटला, आणि नंतरचे एक काम बाहेर द्यायचे ठरवले. ते दिले ऑब्सिडियनला. म्हणजे वाडा लिलावात गेला, आणि नव्या मालकाने जुन्या मालकाच्या मुलांना बोलावून सांगितले, 'जरा माडी बांधून द्या, दीड वर्ष देतो.' त्यांनी दीड वर्षात बांधून दिली. तोच २०१० सालचा 'फॉलआउट: न्यू व्हेगास'. जावईबापूंच्या मते मानवजातीच्या इतिहासात याच्यापेक्षा चांगले संवाद लिहिले गेलेले नाहीत. माडी अर्थातच गळत होती. दीड वर्षात गळणारच. गेम मधेच बंद पडे, माणसे जमिनीत कमरेपर्यंत रुतत. पण ज्याला त्यातली गोष्ट आवडली त्याला ती आवडलीच.

आता कराराकडे या, कारण इथे माझ्यातला कर्जखात्याचा माणूस जागा होतो. परदेशात मेटाक्रिटिक नावाची एक संस्था आहे. ती सगळ्या परीक्षकांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी काढते. ऑब्सिडियनला कामाचे ठरलेले पैसे मिळणार होते, विक्रीतला वाटा नाही. पण ही सरासरी ८५ झाली तर वर बोनस. सरासरी आली ८४. ही गोष्ट त्यांच्याच एका संस्थापकाने, ख्रिस ॲव्हेलोन याने, २०१२ साली जाहीरपणे सांगितली.

ज्याने ज्याने मराठी घरात बोर्डाच्या परीक्षेचा निकाल उघडला आहे, त्याला हे वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही. जावईबापू तर हे सांगताना दर वेळी पाण्याचा पेला मागतात. मी तेहेतीस वर्षांत शेकडो करार वाचले, पण 'तुमच्या घराला शेजाऱ्यांनी सरासरी ८५ मार्क दिले तरच गवंड्याला बक्षिसी' असे कलम पाहिलेले नाही. एखादा परीक्षक त्या दिवशी बायकोशी भांडून आला असेल. एखाद्याच्या घरच्या यंत्रावर गेम दोनदा जास्त बंद पडला असेल. एक मार्क! "पेपर रिचेकिंगला टाकायचा होता," सौ. आतून म्हणाली. ती शिक्षिका होती.

ऑब्सिडियनची पत म्हणजे हुशार पण वेळेत पेपर न संपवणाऱ्या मुलाची पत. २००४ साली त्यांनी 'स्टार वॉर्स'वर एक गेम लिहिला, तो नाताळच्या बाजारासाठी इतक्या घाईत गेला की शेवटचा भाग कापूनच द्यावा लागला. पुढे काही हौशी खेळाडूंनी, पैसे न घेता, गेमच्या पोटात उरलेले ते तुकडे शोधून वर्षानुवर्षे खपून जोडले. दुसऱ्याचा अपुरा पेपर लोक आपणहून पुरा करून देतात, यापरती पत कोणती? बँकेने कधी मान्य केली नसती, पण आहे.

हे सगळे ऐकून झाल्यावर एका रविवारी मी वर्तमानपत्र खाली न घेता म्हणालो, "ते ठीक आहे हो जावईबापू, पण हे दोघंही आता मायक्रोसॉफ्टचे ना?" ऑब्सिडियन त्यांनी २०१८ साली घेतली आणि बेथेस्डाची मूळ कंपनी २०२१ साली, साडेसात अब्ज डॉलरला. म्हणजे आमच्या हॉलमध्ये जे दोन पक्ष भांडत होते ते बरीच वर्षे एकाच चुलीवर जेवत होते. चार-पाच मिनिटे शांतता होती. पंख्याचा आवाज ऐकू आला. मग चिरंजीव म्हणाले, "पण मालकाचा लाडका कोण?" आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

मधून मधून चर्चेत पाहुणे येतात. टोकियोचे फ्रॉमसॉफ्टवेअर येते. ते आधी कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करीत असत, आता माणसाला वारंवार मारण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या गेममध्ये मेल्यावर 'तुम्ही मेलात' अशी मोठ्या अक्षरांत पाटी येते, आणि जावईबापू ती एका रात्रीत चाळीसदा वाचून सकाळी प्रसन्न चेहऱ्याने ऑफिसला जातात. "पैसे देऊन?" सौ.ने विचारले. जपानचीच स्क्वेअर येते, जिच्या 'फायनल' म्हणवणाऱ्या मालिकेचा पहिला भाग १९८७ साली आला आणि सोळावा २०२३ साली. आमच्या गल्लीतल्या चपलांच्या दुकानावरही 'शेवटचे तीन दिवस' असा फलक कित्येक वर्षे आहे. पण हे पाहुणेच. मुख्य दुःख बायोवेअरचे.

बायोवेअर कॅनडातल्या एडमंटनची. १९९५ साली तिघांनी काढली, आणि ते तिघेही डॉक्टर होते. शिकलेले, पदवीधर, माणसांचे डॉक्टर. मुलाला मेडिकलला घालावे, तो पास होऊन डॉक्टर व्हावा, आणि मग त्याने 'मी आता राक्षस आणि तलवारींचा खेळ काढतो' म्हणावे. त्या तीन घरांत त्या आठवड्यात कोण कोण जेवले असेल याचा मी अनेकदा विचार करतो. पण पोरांनी १९९८ साली 'बाल्डर्स गेट' काढला आणि नाव कमावले. त्यांची खासियत म्हणजे सोबती. त्यांच्या गेममध्ये आपल्याबरोबर पाच-सहा माणसे हिंडतात. ती रुसतात, टोमणे मारतात, प्रेमात पडतात. 'मॅस इफेक्ट' नावाच्या त्यांच्या आकाशगंगेत आमच्या चिरंजीवांचे जमले होते. सौ.ने आशेने विचारले, "मुलगी कुठली?" "दुसऱ्या ग्रहावरची." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "स्वभावाला बरी आहे ना?"

या 'मॅस इफेक्ट'चा तिसरा भाग २०१२ साली आला. पाच वर्षे आणि तीन गेम लोकांनी उत्तरे निवडत काढली होती. त्या सगळ्या उत्तरांचा हिशेब शेवटी लागणार होता. तर शेवटी तीन पर्याय, आणि तिन्हींचा परिणाम जवळजवळ एकच, फक्त प्रकाशाचा रंग वेगळा: लाल, निळा, हिरवा. चाहते खवळले. आणि त्यांच्यातल्या काहींनी बायोवेअरच्या कचेरीत ४०२ कपकेक पाठवले. लाल, निळे आणि हिरवे. वरून वेगवेगळे, खाल्ल्यावर सगळे एका चवीचे. निषेधाच्या बाबतीत पुण्याचा हात कुणी धरणार नाही असे मला वाटत आले आहे, पण इथे मी एडमंटनला दाद दिली. बायोवेअरनेही ते केक तरुणांच्या एका निवाऱ्याला देऊन टाकले, आणि जूनमध्ये शेवट थोडा वाढवून फुकट दिला.

पण खरी गोष्ट त्याच वर्षाच्या सप्टेंबरात झाली. उरलेले दोन्ही डॉक्टर कंपनी सोडून गेले. (एकाने पुढे बिअरविषयी कार्यक्रम काढला. आईवडिलांना निदान विषयाची सवय झाली असेल.) कंपनी त्याआधीच इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने घेतली होती. पाटी तीच राहिली. २०१७, २०१९, २०२४ साली नवे गेम आले, आणि प्रत्येक वेळी चिरंजीवांनी नावाकडे पाहून उत्साहाने पैसे भरले आणि महिन्याभरात तोंड पाडले. "बाबा, ही ती बायोवेअर नाही." अरे, पण ती कशी असेल? खानावळीचा आचारी गेला, वाढपी गेला, हिशेबनीस नवा आला. राहिली ती पाटी, आणि पाटी काही आमटी करीत नाही. मधे २०२३ साली पन्नासेक लोकांना काढलेच.

गंमत अशी की बायोवेअरचे पुण्य दुसऱ्यांच्या कामी आले. पोलंडमध्ये सीडी प्रोजेक्ट नावाचे लोक परदेशी गेम आणून विकत. त्यांनी १९९९ साली 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत, नामांकित नटांचे आवाज घालून आणला. मग आपण स्वतःच का काढू नये असे त्यांच्या मनाने घेतले, आणि २००७ साली 'द विचर' आला. तो बायोवेअरकडूनच घेतलेल्या यंत्रणेवर बांधलेला होता. मूळ कथा आंद्रेइ सापकोव्स्की या लेखकाच्या. त्यांना विक्रीत वाटा देऊ केला होता. ते म्हणाले, 'वाटा नको, एकरकमी रोख द्या.' पुढे गेम कोट्यवधी खपल्यावर २०१८ साली त्यांनी सहा कोटी झ्लॉटी मागितले, आणि २०१९ साली दोघांचा नवा करार झाला. या लेखकाबद्दल आमच्या घरात दोन्ही पक्षांना सहानुभूती आहे. एकरकमी घेऊन मोकळे झालेले काका सगळ्यांच्याच घरात असतात.

या पोलिश मंडळींची पत एवढी वाढली की २०११ साली त्यांच्या पंतप्रधानांनी ओबामांना भेट म्हणून 'विचर'चा दुसरा भाग दिला. तिसरा २०१५ साली आला, तेव्हा तर त्यांचे पाय धुवायचे बाकी होते. मग २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' आला. जुन्या यंत्रांवर तो इतका मोडका चालला की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. सहा महिने तो तिथे नव्हता. तेरा वर्षांची पत आठ दिवसांत गेली. पण या लोकांनी एक केले. ते तो गेम दुरुस्त करीत बसले. गाजावाजा नाही, तीन वर्षे. २०२३ साली लोक परतले. बुडीत खाते स्वतःहून फेडणारा कर्जदार मी आयुष्यात दोनदाच पाहिला, हा तिसरा.

आणि 'बाल्डर्स गेट'? त्याचा तिसरा भाग काढला बेल्जियममधल्या लारियनने. हे लोक १९९६ पासून आहेत. एकदा बुडता बुडता वाचले, लोकांकडून वर्गणी काढून गेम केले. बाल्डर्स गेट त्यांनी २०२० सालीच अर्धा बाजारात ठेवला, आणि 'अजून शिजतोय, चव घेऊन सांगा' म्हणत तीन वर्षे घालवून २०२३ साली पुरा केला. वर्षाचे सर्वोत्तम पारितोषिक घ्यायला त्यांचे प्रमुख स्वेन व्हिन्के अंगात लोखंडी चिलखत घालून आले. घोड्याचे चिलखत विकणाऱ्यांपेक्षा स्वतः घालणारा बरा, असे मी म्हटले, ते दोन्ही पक्षांना मान्य झाले. आमच्या हॉलमधला तो एकमेव एकमताचा ठराव.

पाटीचा सगळ्यांत करुण प्रकार एस्टोनियातल्या मंडळींचा. झेडए/यूएम नावाच्या स्टुडिओने २०१९ साली 'डिस्को इलिजियम' काढला. नायक एक दारुडा, सगळे विसरलेला पोलीस तपासनीस. लढाई जवळजवळ नाही, नुसते बोलणे. तरीही गाजला. मग ज्यांनी तो कल्पिला होता तेच स्टुडिओतून बाहेर पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात तीन नव्या स्टुडिओंनी एकाच सुमारास जाहीर केले की त्या परंपरेतला पुढचा गेम आम्ही करणार. मूळ पाटीचा स्टुडिओ होताच. हे वाचताना मला आमच्या पेठेतली तीन 'मूळ' भेळवाली दुकाने दिसू लागली. एक 'मूळ', एक 'अस्सल', एक 'जुने व अस्सल', आणि तिन्हींवर खाली लाल अक्षरांत: आमची कोठेही शाखा नाही.

या सर्व चर्चेत एक व्यक्ती कधीच बोलत नाही. माझी पुतणी. ती पुण्यातच एका कंपनीत आहे आणि परदेशी गेमसाठी वस्तू करून देते. दारे, घडे, दगड, कंदील. कोणत्या गेमसाठी, हे सांगायचे नाही असे तिच्याकडून लिहून घेतले आहे. एका दाराला तिला नऊ दिवस लागतात. गंज कुठे चढेल, हात कुठे लागून लाकूड गुळगुळीत झाले असेल, हे ती पाहत बसते. त्यासाठी आमच्या गावच्या वाड्याच्या दिंडीदरवाजाचे तिने दोनशे फोटो काढले होते. पक्षांची वादावादी चालू असली की ती कोपऱ्यात बसून शेंगा सोलते.

एका रविवारी चिरंजीव खेळत होते आणि ती पुरणपोळीचे ताट घेऊन टीव्हीसमोरून जात होती. थबकली. "थांब. मागे जा. डावीकडे."

चिरंजीव मागे गेले. एक तळघर होते, त्याला एक दार.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, पण ताट तिने खाली ठेवले.

गेमचे नाव मी लिहीत नाही. सही तिची आहे. जावईबापूंनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा दाराकडे. मग कुणी काही न बोलता चिरंजीवांनी मुख्य पानावर जाऊन श्रेयनामावली लावली. ही नावे आमच्याकडे कधी कुणी पाहत नाही. शेकडो माणसे वरून खाली सरकत होती. आवाजवाले, हिशेबवाले, कुणाकुणाची त्या काळात जन्मलेली बाळेसुद्धा. पंचवीस मिनिटे आम्ही पाच जण उभे होतो. पुण्याच्या कंपनीचे नाव आले. खाली नावे आली. तिचे नव्हते.

"माझं कंत्राट गेम यायच्या आधी संपलं होतं, काका," ती म्हणाली. "तेव्हा नसलेल्यांची नावं घेत नाहीत तिथे. पुढच्यात येईल."

जावईबापूंनी पाण्याचा पेला मागितला नाही. सौ. हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ते जाऊ दे. ते दार परत लाव बघू. मला कडी नीट दिसली नाही."